मधे थोडं लाल

स्टेक कितपत भाजावा या साध्या प्रश्नापायी आपलं नाव विद्युतदाहिनीच्या यादीत लागेल, असं कुणी आधी सांगितलं असतं, तर रकानेरावांनी त्याचा अर्ज अपूर्ण म्हणून परत केला असता.

रकानेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क. अर्जात एक रकाना जरी मोकळा दिसला की अर्ज परत, मग समोर म्हातारी असो की मंत्र्याचा मेहुणा. "रिकामा रकाना म्हणजे उघडं दार," ते म्हणायचे. "त्यातून कोण आत शिरेल, नेम नाही." एकोणतीस वर्षांत त्यांनी कुणाला शिरू दिलं नव्हतं. ज्या रकान्याला उत्तरच नसतं, त्याचाही त्यांनी बंदोबस्त करून ठेवला होता. तिथं अर्जदारानं स्वतःचं नाव लिहायचं. 'जागेच्या पूर्वीच्या मालकाचे नाव' असा रकाना आहे आणि घर तर नवंकोरं, मग लिहा आपलंच नाव. तसं परिपत्रकच त्यांनी काढलं होतं आणि टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. हे परिपत्रक लक्षात असू द्या, कारण पुढे ते रकानेरावांनाच चावणार आहे.

तर झालं असं, की लेकीनं लग्न ठरवलं. मुलगा शाळेत विज्ञान शिकवतो, सरळ आहे, निर्व्यसनी आहे. पण मुलाचे वडील विद्युतदाहिनी चालवतात. हे ऐकल्या ऐकल्या रकानेराव बोलून गेले, "म्हणजे भट्टीवाल्याच्या घरात देऊ तुला?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. लेक महिनाभर बोलली नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी आईला सांगायची, "त्यांना मीठ सरकवायला सांग."

महिन्यानंतर ती बोलली ते एवढंच: "रविवारी दुपारी त्याचे बाबा जेवायला येतायत. एकटेच. त्यांना स्टेक आवडतो. बाबा, एकदाच सांगते, त्यांच्या कामावरून एक शब्द वाकडा गेला, थोडीशी जरी थट्टा झाली, तर लग्न मी करणारच आहे, पण या घराची पायरी पुन्हा चढणार नाही."

"मी कशाला थट्टा करीन?" रकानेराव म्हणाले. एकुलती एक लेक होती हो.

"आणि स्टेक कितपत भाजलेला हवा, ते त्यांनाच विचारा. प्रत्येकाचं वेगळं असतं."

"विचारा काय? मला समजत नाही का?"

त्यांना अजिबात समजत नव्हतं. जन्मात त्यांनी स्टेक खाल्ला नव्हता. पण ज्याला आपण भट्टीवाला म्हणालो, त्याच्यासमोर 'मला ठाऊक नाही, तुम्हीच सांगा' असं म्हणायचं? त्यापेक्षा उपाशी मेलेलं बरं. (असले शब्द माणसानं जपून वापरावेत.)

शुक्रवारी सकाळी ते खाटकाकडे गेले. खाटकानं मांसाचे चार जाडजूड तुकडे कापले आणि विचारलं, "कितपत भाजणार?"

"पूर्ण."

"पूर्ण करायचं तर चपलांचं दुकान पलीकडे आहे, साहेब." मग त्याला दया आली असावी. "हे बघा, बोटानं दाबायचं. गालासारखं मऊ लागलं तर आत लाल आहे. हनुवटीसारखं लागलं तर गुलाबी. कपाळासारखं लागलं तर संपलं, आत काही उरलेलं नाही."

रस्ताभर रकानेराव स्वतःचं तोंड दाबत चालले. गाल, हनुवटी, कपाळ. घराच्या जिन्यात त्यांना एक विचित्र गोष्ट जाणवली. गालही त्यांना कपाळासारखाच लागत होता. पुन्हा दाबून पाहिला तरी तसाच.

घरी बायकोनं पुड्याकडे बघून सांगून टाकलं, "माझ्या स्वयंपाकघरात धूर नको. पडदे परवाच धुतलेत. गॅलरीत शेगडी लावा." गॅलरीत शेगडी म्हणताच इमारतीचे सेक्रेटरी उगवले. त्यांना धुराच्या आधी धुराची बातमी लागते. "उघड्यावर जाळ करायचा तर नगरपालिकेची परवानगी लागेल," ते म्हणाले. दुसरा कुणी असता तर 'बघू' म्हणून गप्प बसला असता. रकानेराव मात्र खुश झाले. म्हणजे या सगळ्या भानगडीत एक तरी अर्ज होता.

नगरपालिकेत 'दहन परवानगी' अशी खिडकी लांबलचक बोळाच्या पार टोकाला निघाली. तिथं चिटपाखरू नव्हतं. रकानेराव बाकावर टेकले आणि चटकन उठले. बाक गरम होता, नुकतंच कुणीतरी बसून गेल्यासारखा. आजूबाजूला तर कुणीच दिसत नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता एक कागद सरकवला. पालापाचोळा, कचरा, शेगडी आणि इतर सगळं जे काही जाळायचं असतं, त्या सगळ्याला हाच एक अर्ज. बाई म्हणाल्या, "लागू नसेल ते मोकळं सोडा."

"मोकळं?" रकानेरावांना शिवी दिल्यासारखं वाटलं. त्यांनी पेन उघडलं. वस्तूचे वर्णन: मांस, हाडाविना. मृत्यूचा दिनांक: खाटकाला विचारून घेतलेलाच होता, मंगळवार. मृताचे नाव. इथं ते थबकले. त्या जनावराला कुणी नाव ठेवलं असेल असं काही खाटक म्हणाला नव्हता. म्हणजे उत्तरच नसलेला रकाना. परिपत्रक स्पष्ट होतं. त्यांनी वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. पुढचा रकाना, अर्जदाराशी नाते. लिहिलं, 'स्वतः'.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

बाईंनी कागद वाचला आणि पहिल्यांदाच मान वर केली. रकानेरावांकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग शिक्का मारला. "सोमवारी, अकरा वाजता."

"पण मला रविवारी भाजायचंय."

"घरचं रविवारी करून घ्या. आमचं सोमवारी होईल."

सोमवारी कुणी तपासणीला येणार असेल, असं समजून रकानेराव घरी आले. अर्ज एका फेरीत मंजूर झाला होता. जेवताना त्यांनी बायकोला ते दोनदा सांगितलं.

संध्याकाळी इमारतीच्या फळ्यावर नगरपालिकेचा कागद लागला होता. रकानेरावांचं पूर्ण नाव, मजला, खोली, आणि खाली: 'यांचे दहन सोमवारी सकाळी अकरा वाजता करण्यात येईल. कोणाची हरकत असल्यास शनिवार दुपारपर्यंत कळवावी.'

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी खिडकी उघडायच्या आधीच ते तिथं हजर झाले. बाई म्हणाल्या, "दुरुस्तीचा अर्ज द्या." त्यांनी तिथल्या तिथं लिहिला, एकही रकाना न सोडता. बाईंनी रजिस्टर चाळलं. "तुम्हाला देता येणार नाही. रेकॉर्डप्रमाणे तुम्ही मंगळवारी वारलात. मृताच्या वतीनं वारसानं अर्ज करायचा असतो. मुलगी आहे ना? तिला पाठवा."

"अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"उभे सगळेच असतात," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि रकानेरावांच्या पाठीमागच्या रिकाम्या बाकाकडे पाहून त्यांनी हाक मारली, "पुढचे."

रकानेरावांनी वळून पाहिलं नाही. वळून बघायची त्यांची छाती झाली नाही.

आता झालं काय, की इकडे आड आणि तिकडे विहीर. लेकीला पाठवावं, तर हा कागद तिला दाखवावा लागणार. ज्याला भट्टीवाला म्हणालो त्याच्याच यादीत बापानं स्वतःचं नाव घालून ठेवलंय, याला ती थट्टा नाही तर काय म्हणणार? म्हणजे दार कायमचं बंद. त्यापेक्षा मेलेलं राहिलेलं परवडलं. त्यांनी फळ्यावरचा कागद फाडला आणि खिशात घातला. वर जाऊन पुन्हा खाली उतरून पाहतात तो तिथं दुसरा लागलेला. सरकारी कागद, दोन प्रतींत असतोच.

लेक त्या दिवसांत मागच्या जिन्यानं येत-जात होती, तिचं काम त्या बाजूला होतं, आणि बायको दोन दिवस खाली उतरलीच नव्हती, एवढंच काय ते नशीब. बाकीच्या सगळ्यांनी तो वाचला होता. हरकत मात्र एकानंही घेतली नाही. सेक्रेटरी स्वतः येऊन सांगून गेले, "काळजी करू नका, एकमतानं मंजूर आहे." एकवीस वर्षं या इमारतीत काढली. गच्चीतली टाकी गळायची तेव्हा स्वतः वर चढून पाहिलं. आणि एकाला, एकाला म्हणून हरकत असू नये! भीतीपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं.

त्यातल्या त्यात स्टेकची चौकशी करावी म्हणून त्यांनी दोघातिघांना गाठलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त जज्जसाहेब जिन्यात भेटले. "कितपत करावं म्हणता, साहेब?"

"पूर्ण," जज्जसाहेब म्हणाले. "एकदा निर्णय झाला की अर्धवट ठेवू नये. नातेवाइकांना त्रास होतो."

समोरच्या शिवणवाल्या काकूंनी गळ्यातली टेप काढली आणि बोलता बोलता रकानेरावांच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत धरली. "आवळतं हो आचेनं. दोन बोटं जास्तच धरावं." मग त्या दचकल्या आणि टेप गुंडाळायला लागल्या. "सवय मेली."

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर त्यांना 'आ करा' म्हणून दिव्याखाली बसवलं. "छान आहेत. दात शेवटपर्यंत राहतात बरं का. बाकी सगळं जातं."

हे तिघं स्टेकबद्दल बोलत होते का आपल्याबद्दल, ते रकानेरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. दुपारी ते ऑफिसात जाऊन आले, तर त्यांचं टेबल कुणीतरी स्वच्छ आवरून ठेवलं होतं. पेनं, फायली, उशी, काही नाही. काचेखाली परिपत्रक तेवढं होतं.

रविवारी बरोबर साडेबाराला बेल वाजली. होणारे व्याही दारात उभे होते. उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. चेहऱ्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते काय हे कळायला रकानेरावांना थोडा वेळ लागला. व्याह्यांना भुवया नव्हत्या. हात हातात घेतला तर कोरडा आणि गरम, त्या बाकासारखा. व्याह्यांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि पुटपुटले, "पंचावन्न मिनिटं."

"काय म्हणालात?"

"काही नाही, माफ करा. नवीन माणूस दिसला की हिशेब होतो डोक्यात."

रकानेरावांची पाचावर धारण बसली. ते जवळजवळ पळतच गॅलरीत गेले. शेगडी पेटलेली होती. वारा नव्हता, समोरच्या तारेवरचे कपडे हलतसुद्धा नव्हते, तरी जाळ एका बाजूला कलला होता, घराच्या बाजूला. त्यांनी चारही तुकडे जाळीवर ठेवले. चरचर झाली. तुकड्यांवर लाल थेंब उमटायला लागले, कपाळावर घाम यावा तसे.

"अहो, त्यांना विचारलंत का कसं हवं?" आतून बायको.

"मला कळतं!"

"विचारा की सरळ. तोंड काय झिजणारय का?"

काचेतून आतलं सगळं दिसत होतं. लेक आणि व्याही समोरासमोर बसले होते. लेक हसत होती. किती दिवसांनी हसताना दिसत होती! मग व्याह्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं वाचला. तिचं हसू हळूहळू उतरलं. तिनं काचेकडे, थेट बापाकडे पाहिलं.

रकानेरावांचं बोट जाळीवरच्या तुकड्यावर होतं, दाबायला नेलेलं. भाजलं तरी त्यांना कळलं नाही.

लेक गॅलरीच्या दारात आली. "बाबा, हे तुमचं अक्षर आहे."

"ऐक जरा..."

"मृताचे नाव. नाते, स्वतः. सोमवार अकरा." ती कागदावर बोट ठेवत गेली. "हे गेलेली माणसं हातात घेतात, बाबा. रोज. ज्यांच्याजवळ कुणी थांबत नाही, त्यांच्याजवळ हे थांबतात. आणि तुम्ही त्यांच्या यादीत गंमत म्हणून नाव घातलंत?"

"गंमत नाही गं!" रकानेराव ओरडलेच. मग त्यांचा आवाज एकदम बसला. "रकाना मोकळा होता. जनावराला नाव नव्हतं. मला मोकळा सोडता येत नाही, तुला माहीत आहे. आणि स्टेक कसा असतो तेही मला माहीत नाही. मी कधी खाल्ला नाही. विचारायची लाज वाटली. ज्यांना मी भट्टीवाला म्हणालो, त्यांना कसं विचारू?"

झालं, शेवटी तो शब्द व्याह्यांच्या समोरच तोंडातून गेला. नुसती चरचर चालू होती. व्याही दारापर्यंत आले होते. भुवया नसल्यानं ते रागावलेत की नाही, काही समजायला मार्ग नव्हता.

"भट्टीवालाच आहे मी," ते म्हणाले. "त्यात चुकलं काय? शुक्रवारी यादी आली, बरोबर हा अर्ज, तेव्हा पत्ता ओळखला मी. म्हटलं, व्याही गेले बिचारे, भेट राहिलीच. मग सूनबाईंचा फोन आला, रविवारी नक्की या म्हणून. मलाही कोडं पडलं. आज दार तुम्ही उघडलंत तेव्हा जीव भांड्यात पडला."

रकानेरावांना एकाएकी रडू आलं. अख्ख्या इमारतीत कुणाला नव्हती, ती आपल्या मरणाला हरकत असलेला हा एवढा एकच माणूस निघाला होता.

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. आणि तीन दिवसांत, खरं तर जन्मात पहिल्यांदा, ज्या गोष्टीचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही ती त्यांनी सरळ विचारली, "तुम्हाला कितपत भाजलेला आवडतो?"

"मधे थोडं लाल," व्याही म्हणाले. ते जाळीकडे बघत होते. "एकतीस वर्षं पूर्ण झालेलंच बघतोय. बायकोचंही मीच केलं, सात वर्षं झाली. पूर्ण केलं, काही ठेवलं नाही. तेव्हापासून घरी ताटात मधे थोडं लाल दिसलं की बरं वाटतं. अजून काहीतरी बाकी आहे, असं वाटतं."

लेकीनं तोंड फिरवलं. बायको पदराशी चाळा करत उभी राहिली. रकानेरावांनी तीन तुकडे चटकन उचलले. ते बरोबर साधले होते, योगायोग म्हणा. चौथा, त्यांचा स्वतःचा, बोटाखालचा, कोळसा झाला होता. दाबला तर कपाळासारखा लागला. खरं तर कपाळही याहून मऊ असतं.

जेवण छान झालं. रकानेरावांनी लेकीच्या ताटातला अर्धा खाल्ला आणि 'मऊ असतो की' असं तीनदा म्हणाले. लेक बापाशी बोलत होती, पण जपून, जखमेवरची पट्टी काढावी तशी. जेवणानंतर त्यांनी हळूच विचारलं, "मग उद्याचं नाव तेवढं कापाल ना यादीतून?"

व्याह्यांनी हात धुतले, एकेक बोट पुसलं. "नाही कापता येणार. माझ्या रजिस्टरात एकतीस वर्षांत खाडाखोड नाही. नाव आलं की त्या नावानं काहीतरी दाहिनीत जावं लागतं, मगच नोंद बंद होते. नाहीतर ती उघडी राहते." ते थांबले. "आणि उघडी नोंद बरी नसते. ती वाट बघते."

रकानेरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. पण कुठंतरी आत त्यांना वाटलं, माणूस आपल्यासारखाच आहे.

सोमवारी पावणेअकराला ते इस्त्रीचे कपडे घालून, हातात स्टीलचा डबा घेऊन विद्युतदाहिनीवर हजर झाले. डब्यात तो काळा तुकडा होता. लेक बरोबर आली होती. वारसाची सही लागणार होती. दालन मोठं, गार आणि रिकामं. भिंतीलगतच्या बाकांवर कुणी बसलेलं नव्हतं, पण रकानेराव तिथून जाताना का कोण जाणे, 'जरा सरकता का' असं म्हणाले. आणि त्यांना वाटलं, सरकले.

व्याही कामाच्या कपड्यांत निराळेच दिसत होते, मोठे. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. तो तुकडा लांबलचक लोखंडी तबकाच्या बरोबर मधोमध ठेवला. त्याच्या भोवती माणूस मावेल एवढी जागा उरली होती. मग त्यांनी रकानेरावांचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. रकानेराव 'हजर' म्हणणार होते, लेकीनं हात दाबला.

दार वर गेलं. आतला उजेड त्यांच्या तोंडावर आला, गालाला, हनुवटीला, कपाळाला. तबक आत गेलं. दार खाली आलं. व्याह्यांनी घड्याळ पाहिलं, आणि पंचावन्न मिनिटं कुणी जागचं हललं नाही. लेकीनं तेवढा वेळ हात सोडला नाही. लहानपणी शाळेच्या रस्त्यावर धरायची तसा, दोन बोटांना धरून.

शेवटी एक छोटी डबी आली. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर रकानेरावांचं नाव. डबी अजून गरम होती. व्याह्यांनी रजिस्टर पुढे केलं. लेकीनं सही केली. सगळे रकाने भरले होते, टोकाचा एक सोडून. शेरा.

"इथं काहीतरी लिहा," व्याही म्हणाले. "मोकळा राहिला तर उघडा राहील."

रकानेरावांनी पेनाचं टोपण काढलं. पेन रकान्यावर नेलं. बाकांच्या बाजूनं गार हवेची एक झुळूक आली आणि पान थोडं हललं, कुणीतरी वाकून बघत असल्यासारखं.

त्यांनी टोपण परत लावलं.

"राहू दे उघडा," ते म्हणाले. "लेकीला यायला-जायला दार लागेल."